शेवटी सुटणारं टेबल

शाळेच्या जेवणाच्या हॉलवर देखरेखीला बाई हवी होती, पण तिथे टिकायला कोणी तयार नव्हतं. मधली सुट्टी झाली की अख्खी प्राथमिक शाळा त्या लांबलचक खोलीत घुसायची. रांगेत ढकलाढकली, बाकांवरून उड्या, ताटांचा खणखणाट. वाढणाऱ्या बायकांच्या कानठळ्या बसायच्या. सांडलेल्या पाण्यावर घसरून एका मुलाचा दात पडला, तेव्हा त्याच्या आईने शाळा डोक्यावर घेतली. मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, या मावशींना कामावर घेतलं. "वर्षअखेरपर्यंत हॉल ताळ्यावर आणा, मी तुम्हाला कायम करते. नाहीतर माझाही नाइलाज आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि मावशींना कायम व्हायलाच हवं होतं. नवरा गेल्यापासून त्या भावाकडे राहत होत्या. भाऊ वाईट नव्हता, भावजयही तोंडाने गोड होती. पण स्वयंपाकघरात मावशींनी साखरेचा डबा जरा हलवला, की तो मुकाट्याने पुन्हा आपल्या जागी जायचा. भाचरं म्हणायची, "आत्या, जरा सरक ना," आणि आत्या सरकायची. सरकून सरकून माणूस जाणार तरी कुठे? स्वतःची एक भाड्याची खोली घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण आज आहे उद्या नाही अशा नोकरीवर एकट्या बाईला खोली देतो कोण?

हॉलमध्ये मात्र मावशी तसूभर सरकल्या नाहीत. त्यांनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि रांगेला वाट आखून दिली. लहान वर्ग वाढपाच्या जवळ, मोठे वर्ग लांब. पाणी हवं, हात वर. चमचा पडला, हात वर. बोलायचं नाही, उठायचं नाही, मावशी येतील. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की जे टेबल शांत राहील ते आधी खेळायला सुटेल आणि ज्या टेबलावर आवाज होईल ते शेवटी.

या शेवटच्या नियमाने कमाल केली. मावशींना ओरडायची गरजच उरली नाही, मुलंच एकमेकांना गप्प करायला लागली. कुणाच्या तोंडून चुकून शब्द निघाला की शेजारचा त्याला टेबलाखालून चिमटा काढायचा. हे मावशींना दिसायचं. दिसूनही त्यांनी चालू दिलं, कारण काम होत होतं. मुलं त्यांना तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे फौजदार. हे नाव कानावर आलं तेव्हा त्या मनातून सुखावल्या होत्या, ते लपवण्यात अर्थ नाही. घरात जिला कोणी विचारत नाही, तिला फौजदारकी गोड लागणारच.

वर्ष संपत आलं तेव्हा दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक हॉल बघायला आले. मोठ्या बाई दारातच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ऐका जरा. काही ऐकू येतंय?" काहीच येत नव्हतं. मावशींना अगदी धन्य धन्य झालं. त्या पाहुण्यांना पट्ट्या समजावून सांगत असताना पहिलीच्या टेबलावर एक हात वर झाला. मग आणखी एक. मग जवळजवळ सगळेच. पाणी संपलं असणार. मावशींनी बोलता बोलताच तळवा दाखवला: थांबा, येते.

हात खाली आले नाहीत. दुखणाऱ्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन मुलं तशीच बसून राहिली. "वा! काय शिस्त आहे," एक पाहुणा म्हणाला.

तेवढ्यात त्या टेबलावरून एक ताट खाली आदळलं. "कोण आहे ते?" म्हणत मावशी डोळे वटारून वळल्या. एका मुलीने दोन्ही हातांनी गळा धरला होता. तिचे ओठ निळे पडले होते आणि तोंडातून आवाज म्हणून फुटत नव्हता. मावशी धावल्या. तिला हातावर पालथी घेऊन त्यांनी पाठीत जोरजोरात थापा मारल्या. एक अख्खं द्राक्ष जमिनीवर पडलं. पोरीने श्वास ओढला, डोळे घळाघळा वाहू लागले, आणि तिने काय करावं? रडणं बाहेर फुटू नये म्हणून तिने दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावर दाबून धरले.

सगळ्यांनी मावशींचं कौतुक केलं. "तुम्ही होतात म्हणून माझं लेकरू वाचलं," म्हणत तिची आई त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि मावशींना जमीन दुभंगावी असं झालं. नंतर त्यांनी मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला बाजूला घेतलं. "अरे, तू ओरडला का नाहीस?"

"मी हात वर केला होता," तो म्हणाला. "तुम्ही थांबा म्हणालात."

त्याच आठवड्यात मावशी कायम झाल्या. मोठ्या बाईंनी कागद हातात दिला तेव्हा मावशींनी धीर करून विचारलं, "बाई, तो शेवटी सुटायचा नियम काढू या का?"

"अहो, त्याच्यावरच तर सगळं उभं आहे! ते लोक त्यांच्या शाळेतही तोच लावतायत. पोरगी वाचली ना? मग आता उगाच फाटे फोडू नका."

मावशींनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. घरी भावजयीने अभिनंदन केलं आणि खोली कधी बघायची म्हणून विचारलं. रात्री मावशींना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. "बाळांनो, कुणाला काही झालं, घास अडकला, कुणी पडलं, तर हात वर करत बसायचं नाही. सरळ ओरडायचं. जोरात. चला, सगळे मिळून एकदा ओरडून दाखवा बघू."

कोणी ओरडलं नाही. पहिलीच्या टेबलावरून एक हात वर झाला. त्याच मुलीचा.

"बोल, बाळा."

"ओरडलं तर आमचं टेबल शेवटी सुटेल का?"

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि "नाही," म्हणाल्या. पण तो शब्द यायला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ मुलांना पुरला. मुलीने हात खाली घेतला आणि सगळी मुलं खाली मान घालून शांतपणे जेवायला लागली.