दोन डाव्या बाह्या

टाचणीबाईंच्या तोंडात दिवसातले आठ तास टाचण्या असतात, म्हणून त्यांचं नाव टाचणीबाई. टाचण्या काढून ठेवल्यावर त्या जे बोलतात ते जास्त टोचतं असं त्यांचा नवरा म्हणतो, पण तेही दुकानाबाहेर उभं राहून. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. पुढे शिलाई मशीन, भिंतीशी कापड बेतायचं टेबल, मागे स्कूटरच्या सीट, सोफ्याच्या गाद्या आणि फाटक्या बॅगांचा ढीग. जाडजूड काही शिवायचं असलं की बाकीचे शिंपी गिऱ्हाईक इकडे पाठवतात. रेक्झिन द्या, ताडपत्री द्या, रबर द्या. पंचावन्न वर्षांच्या या बाईच्या सुईने अजून कशालाच नाही म्हटलेलं नाही.

बाईंचा दुर्गुण एकच. त्या विसरत नाहीत. डूख धरावा तर त्यांनीच. नवऱ्याचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. तो नव्या माणसाला घरची ओळख करून देतो ती अशी: "घरात आम्ही चौघं. मी, ही, लेक आणि गॉगल."

गॉगल या घरात कधी पाऊल न टाकलेला माणूस. तेवीस वर्षांपूर्वी टीव्हीवर अंतराळात फिरणाऱ्या एका कप्तानाची मालिका आली होती, तिचा तो वेशभूषाकार. बंद खोलीतही काळा चष्मा लावून बसायचा. बाई तेव्हा त्याच्याकडे शिवणकामाला होत्या. त्याने एका कागदावर कप्तानाचं चित्र काढलं, बाईंपुढे टाकलं आणि "मंगळवारपर्यंत" एवढंच म्हणाला. चित्रात खांद्यापासून मनगटापर्यंत तिरक्या पट्ट्या होत्या. त्या कशाच्या करायच्या, हे विचारल्यावर साहेब म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी बघितलं. सगळा बाजार पालथा घातला. पट्ट्यांसाठी गाडीत पायाखाली टाकायची रबरी मॅट सापडली, तिरक्या धारांची, पाच धारा मग एक मोकळी जागा. छातीवरच्या नळ्या म्हणजे वॉशिंग मशीनचा पाणी सोडायचा पाइप. दिवे म्हणजे सायकलच्या मागच्या लाल चकत्या. गळ्याभोवतीचं कडं तर नवऱ्याच्या दुकानातली कुकरची रिंग, सर्वांत मोठ्या मापाची. कप्तान तारे जिंकायला निघाला तो असा, अर्ध्या घरातलं सामान अंगावर घालून.

आणि मग ती चूक झाली. शिंपी बाही बेततो तेव्हा कापडाची दुहेरी घडी घालतो आणि दोन्ही बाह्या एकदम कापतो. डावी-उजवी आपोआप निघते, डोकं चालवावं लागत नाही. पण रबराची घडी पडत नाही. एक बाही कापायची, मग कागदी नमुना पालथा घालायचा आणि दुसरी कापायची. बाईंच्या अंगात त्या दिवशी ताप होता, घरी चार महिन्यांची लेक होती, आणि नमुना पालथा घालायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मॅट संपली होती, दुसरी मिळायला वेळ नव्हता. बाईंनी डावीच बाही उजव्या खांद्याला जोडली. मागची शिवण पुढे आली, पट्ट्या उलट्या उतरल्या, कोपराची घडी मागे गेली. कप्तानाने पोशाख चढवला तेव्हा उजवा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा.

गॉगलने बाजूला घेऊन सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने गर्दीला सूचना द्यायचा भोंगा उचलला आणि शंभर माणसांसमोर त्यातून ओरडला, "ही बघा आपली शिंपीण! हिला डावं-उजवं कळत नाही! हिच्या घरी पोरं तरी सरळ जन्माला येतात का?"

शंभर माणसं हसली. दुपारी बाईंना कामावरून काढलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी बाईंनी कदाचित गिळलं असतं. पण मालिका चालली, तुफान चालली, आणि कप्तानाचा तो छातीपाशी अडलेला सलाम पोराटोरांच्या अंगात भिनला. गल्लोगल्ली मुलं अर्धा हात वर करून एकमेकांना सलाम ठोकू लागली. मग गॉगल मुलाखतीत सांगू लागला, "भविष्यातला माणूस कोणापुढे पुरता वाकत नाही. म्हणून मी ती बाही मुद्दाम तशी बेतली." त्याला बक्षीस मिळालं. ज्या माणसाने जन्मात हातरुमाल बेतला नाही, त्याने बाही बेतली! बाईंनी ती मुलाखत पाहिली तेव्हा तोंडात सात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही." नवरा म्हणाला, "म्हणजे दीर्घायुष्य आलंच."

तेवीस वर्षं गेली. लेक मोठी झाली, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. एक दिवस ती छापील अर्ज घेऊन आली. जुनी मालिका नव्या पोरांना पुन्हा आवडायला लागली होती, मोठ्या सभागृहात मेळावा भरणार होता आणि स्पर्धा होती: कप्तानाचा पोशाख पडद्यावर दिसला तसा, तंतोतंत. परीक्षक म्हणून गॉगलचं नाव होतं.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "तू घालशील?" त्यांनी विचारलं.

"आई, मीच घालणार म्हणून तर अर्ज आणलाय."

त्या दिवसापासून बाईंनी गिऱ्हाइकांना महिन्याची मुदत सांगायला सुरुवात केली. पाइप मिळाला, पण तो पांढरा होता. जुना करड्या रंगाचा होता. बाईंनी दुरुस्तीवाल्यांच्या भंगारातून करडाच शोधला. लाल चकत्या आता गोल मिळतात, तेव्हा षट्कोनी होत्या. त्या एका सायकलवाल्याच्या माळ्यावर, उंदरांच्या शेजारात सापडल्या. दुकानदार म्हणायचे, "बाई, साधारण तसंच आहे, कोण बघतंय?" बाई म्हणायच्या, "ज्याने बघायला हवं तो बघतोय." कुकरची रिंग नवऱ्याने स्वतः आणून दिली, फडक्यात गुंडाळून. "माझ्याकडून गॉगलला सप्रेम," तो म्हणाला.

अडलं ते मॅटपाशी. पाच धारा आणि एक मोकळी जागा, ती मॅट करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. बाईंनी अकरा दुकानं पालथी घातली. चार धारांची होती, सहा धारांची होती, सरळ धारांची तर ढिगाने होती. एका दुकानदाराने एक धार कापून टाकायचा सल्ला दिला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत चहा घ्यायला गेला.

शेवटी मॅट सापडली न्हाव्याच्या दुकानात. बाई नवऱ्याला बोलवायला गेल्या होत्या, तो अर्धी दाढी होऊन फेसात बसला होता. बाईंची नजर खाली गेली. खुर्चीखाली, केसांच्या बुचक्यांत तीच मॅट होती. बाई खाली बसल्या आणि बोटाने धारा मोजू लागल्या. न्हावी वस्तरा घेऊन थांबला.

"वहिनी, काही पडलं का?"

"ही मॅट मला हवी."

"पंचवीस वर्षं इथे आहे ती. माझे पाय तिच्यावर उभे राहायला शिकले."

"तुमच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलंय. गिऱ्हाइकाला स्प्रिंग टोचते. नवी गादी, नवं कव्हर, दुहेरी शिवण. परवा देते."

न्हाव्याने खुर्चीकडे पाहिलं, मग मॅटकडे, मग अर्ध्या दाढीच्या नवऱ्याकडे. "द्या हो," नवरा फेसातून म्हणाला, "नाहीतर मी असाच राहीन." मॅट धुतल्यावर तिच्यातून घमेलंभर केस निघाले आणि खाली काळंभोर रबर निघालं, पहिल्यासारखं.

मग बाईंनी ट्रंकेतून तपकिरी कागदाचा जुना नमुना काढला. मॅट टेबलावर पसरली, नमुना ठेवला, खडूने रेघ ओढली, पहिली बाही कापली. दुसऱ्या बाहीसाठी नमुना उचलला आणि त्यांच्या हाताने तो पालथाच घातला. त्यांनी सरळ केला. खडू घेऊन पाहिलं तर हाताने पुन्हा पालथा घातलेला. तेवीस वर्षांत त्या ही गोष्ट एकदाही विसरल्या नव्हत्या. प्रत्येक रबर, प्रत्येक रेक्झिन कापताना भोंगा कानात वाजला होता आणि हात आपोआप उलटला होता. आता तीच चूक मुद्दाम करायची तर हात ऐकेना. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त गॉगलचा आला. शेवटी त्यांनी नमुन्याच्या चार कोपऱ्यांवर चार इस्त्र्या ठेवल्या, म्हणजे हलायलाच नको, आणि दात-ओठ खात दुसरी डावी बाही कापली.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मंचामागच्या मोठ्या पडद्यावर मालिकेचे तुकडे चालू होते. एकोणीस कप्तान रांगेत उभे होते, विसावी लेक. पोरांनी मेहनत घेतली होती हे बाईंनीही कबूल केलं. उलट्या पट्ट्या सगळ्यांनी केल्या होत्या, पण कोपर आणि शिवण मात्र जागच्या जागी, नीट. गॉगलने मालिकेवरच्या आपल्या पुस्तिकेत छापलेली पोशाखाची आकृती तशीच होती ना! सलाम करताना ती पोरं हात अडल्याचं नाटक करत होती. लेकीचा हात खरंच अडत होता.

गॉगल रांग बघत आला. केस पांढरे, चष्मा तोच. लेकीपाशी थांबला, बाही चिमटीत धरली आणि माईकवर हसला. "साहित्य छान जमवलंय. पण शिवण पुढे? कोपराची घडी मागे? पडद्यावर असं नव्हतं. ही तर शिंप्याची चूक झाली."

"झालीच," खालून आवाज आला. बाई पायऱ्या चढून मंचावर आल्या, हातात कापडी पिशवी. "मागे वळून बघा, साहेब."

पडद्यावर कप्तान सलाम करत होता, खिडकीएवढा मोठा. शिवण पुढे होती आणि आता कोणीतरी दाखवल्यावर आंधळ्यालाही दिसली असती. सभागृहात कुजबुज सुरू झाली. एक पोरगा ओरडला, "म्हणूनच तो पाणी डाव्या हाताने पितो!" आणि वर्षानुवर्षं कप्तानाला डावखुरा समजणारी शेकडो माणसं एकदम बोलायला लागली.

गॉगलने चष्मा सारखा केला. पडला तरी नाक वर. "अर्थात!" तो म्हणाला. "तो बारकावा माझाच. मीच बेतली होती ती."

बाई याचीच वाट पाहत होत्या. त्यांनी पिशवीतून तपकिरी नमुना, मॅटचा उरलेला तुकडा आणि खडू काढला आणि परीक्षकांच्या टेबलावर मांडला. "ही डावी बाही. आता उजवी आखून दाखवा. पोराटोरांना शिकायला मिळेल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. गॉगलने नमुना उचलला, इकडून बघितला, तिकडून बघितला. मग ऐटीत गर्रकन फिरवला, खालची बाजू वर आणि वरची खाली, आणि रेघ ओढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नमुना कितीही फिरवा, पालथा घातल्याशिवाय डाव्याची उजवी होत नाही. पहिल्या रांगेतली एक शिवणकाम करणारी बाई मोठ्याने हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेही हसले. शंभराहून पुष्कळ जास्त होते.

"हीपण डावीच, साहेब," बाई म्हणाल्या. "मी अंगात ताप असताना चुकले होते. तुम्ही धडधाकट असताना चुकलात. मला बक्षीस नको. ती चूक माझी आहे, तेवीस वर्षं तुमच्या नावावर फिरतेय, ती घेऊन जायला आले." मग त्यांनी लेकीच्या अडलेल्या हाताला धरून तिला पुढे केलं. "आणि ही माझी पोर. बघून घ्या, सरळ जन्माला आली."

त्या वाक्याने गॉगलला सगळं आठवलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने माईक खाली घेतला, बाईंच्या जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "चुकलं माझं. जाऊ द्या आता."

बाईंनी त्याचा माईक धरलेला हात उचलून त्याच्या तोंडाशी नेला. "माझी चूक भोंग्यातून सांगितली होतीत. तुमची कानात सांगून कशी चालेल?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. गॉगलने सभागृहाकडे पाहिलं आणि बोलला, "बाही यांनी बेतली. पोशाखही यांनीच शिवला. मी... माझं चुकलं." आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. बाईंनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण केलं नव्हतं.

घरी परतताना नवऱ्याने विचारलं, "मग? आता घरात तिघंच ना आपण?"

"बघू," बाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, माईक तोंडाशी नेला तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता? मी जवळ होते, मला नीट दिसला नाही."

नवऱ्याने सांगितलं. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर बाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा."