टेंबवाडीची गुरं

बन्सी गुराख्याला लोक येडा म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

चोपन्न सालच्या आषाढात, भरदुपारी, चाकणच्या पार वरल्या अंगाचा, घाटमाथ्याजवळचा डोंगर खाली आला आणि अख्खी टेंबवाडी चिखलाखाली गेली. लावणीला गेलेली माणसं वाचली, बन्सीनं चरायला नेलेली गुरं वाचली. घरात होते ते गेले. त्याची बायको तानाबाई घरातच होती.

उरलेल्यांना सडकेकडेला गायरानात जागा मिळाली. टेंबवाडीचं कुणी नाव काढीना. मारुतराव पाटील तर काढूच देत नसत. त्यांची सून आणि नातू तिथंच चिखलाखाली राहिले होते. बन्सी मात्र गुरं चरायला सोडून रोज तिकडं कुदळ घेऊन जायचा. दारातला आंबा तेवढा उभा होता, त्याच्या बुडाशी उकरायचा. तानाबाई सापडावी, तिला अग्नी द्यावा, बाकी त्याला काही नको होतं.

आणि गुरांचं तर विचारूच नका! दिवस कलला की जुन्या वाटेला लागायची. बन्सी आडवा होऊन वळवायचा.

"मेलेली मानसं हाका मारत्यात त्यास्नी," मारुतराव म्हणाले. "आता एक जरी जनावर तिकडं गेलं, तर समदी बाजारात इकीन."

भादव्यातल्या एका सांजेला बन्सी इतका दमला होता, की त्यानं गुरं अडवलीच नाहीत. ती थेट त्या चिखलाच्या माळावर गेली आणि पांगली. एकेक आपली जागा धरून थांबली, बांधायला कुणी येतंय का बघत. बन्सीच्या आत्ता ध्यानात आलं. अरे देवा, ही तर आपापल्या दारात उभी आहेत!

त्याची चंद्री गाय आंब्याकडं फिरकलीसुद्धा नाही. पार वर जाऊन जमीन हुंगत हंबरायला लागली. म्हणजे आंबाच उभ्याउभ्या खाली घसरला होता, आणि हा बाबा इतके दिवस भलतीकडंच उकरत होता!

बन्सीनं तिथं कुदळ घातली. आधी गव्हाण लागली, मग वासराचा खुंटा, मग हिरव्या बांगड्या. तानाबाईची मूठ दाव्याच्या गाठीवर होती. गाठ अर्धी सुटली होती.

"अगं, पळायचं न्हाई का, येडे?" बन्सी ओरडला. "वासरू ग्येलं असतं तर जाऊ द्यायचं व्हतं!" आणि तिथंच बसून लहान पोरासारखा रडला.

गुरं परत न्यायला मारुतराव काठी घेऊन तरातरा आले, ते हे बघून जागीच थांबले. मग त्यांनी आपल्या म्हशीकडं पाहिलं. ती पलीकडं खाली मान घालून उभी होती. त्यांनी हातातली काठी टाकली.

"बन्सी," ते हळूच म्हणाले, "तुझं झालं, की कुदळ दे."