चाळीस चुलींचं उजाड गाव

यवतमाळात बातमीदारी करणाऱ्याला हरवलेली शहरं शोधावी लागत नाहीत. चहाच्या टपरीवर ती आपणहून शेजारी येऊन बसतात. एकाच्या गावाखाली सोन्याची नगरी, दुसऱ्याच्या गावाखाली साधूच्या शापानं पालथी झालेली! बोंडअळीच्या त्या वर्षांत तर कापसापेक्षा असे किस्सेच जास्त पिकले.

बोरी अरबच्या बाजारात एक म्हातारबा भेटले. म्हणाले, "माह्या वावराखाली अख्खं शहर हाय. राजवाड्यासकट!"

"मग खोदत का नाही?"

"कायले? वर कापसाची पऱ्हाटी उभी हाय ना!"

*

आमच्या रविवार पुरवणीच्या संपादकांना अशा नगऱ्यांचं भारी वेड. फोन आला, "एखादं लुप्त शहर पाठवा." मी महसूल दप्तरातली रिठं पाठवली. रिठ म्हणजे नकाशात नाव आहे, पण वस्ती उठून गेली, असं गाव.

"छान आहे हो, पण यात सोनं कुठंय?"

"सोनं असतं तर लोक उठून गेले असते का?" म्हटलं आणि फोन आपटला.

*

त्या रिठांत एक गाव जिवंत निघालं! चाळीस घरांचा बंजारा तांडा, पिढ्यान्पिढ्या तिथंच. दप्तरात मात्र उजाड. अळीनं बोंडं पोखरली, आजूबाजूला पंचनामे झाले, इथं कोणी फिरकलं नाही. पंचनामा नाही, तर भरपाई नाही. तांड्याचे नाईक हरसिंगभाऊ तालुक्याच्या कचेरीत गेले.

तिथला बाबू म्हणाला, "त्या गावात कोणी राहत नाही."

"मंग मी कुठून आलो?"

"ते तुम्हीच सांगा!"

*

मी चिडून बातमी दिली. संपादकांनी मथळा ठोकला, 'सापडलं हरवलेलं नगर!' चौथ्या दिवशी तांड्यात तिघे गुप्तधनवाले हजर, कुदळ-फावडं घेऊन!

नाईकांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, त्यांच्यापुढे कागद ठेवला. "धन मंग पाहू. आधी लिहा, इथं मानसं राह्यतात."

तिघांनी मुकाट सह्या ठोकल्या. कागद कचेरीत गेला. बाबूनं विचारलं, "साक्षीदार बाहेरगावचे दिसतात. तुमच्या गावात कायले आलते?"

हरसिंगभाऊंनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

*

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नाईक, कागद पुरे झाले. माणसंच नेऊन उभी करा!"

सोमवारी कचेरीत पोचलो, तर आवारात पाय ठेवायला जागा नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून म्हाताऱ्या, तान्ही लेकरं, शेळ्या, झाडून सारे आलेले. हरसिंगभाऊंनी बाबूच्या टेबलावर हात आपटला. "उजाड म्हणता ना? मोजा!"

बाबूनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "सगळेच आले?"

"सगळे! तांड्यात कुत्रंबी नाही ठेवलं मागं!"

बाबूनं चष्मा काढला.

"तहसीलदार साहेब तर सकाळीच पंचनाम्याले तुमच्या गावात गेले."