आबांचा हुंकार

आबा गेल्याची तार खांडबाऱ्याला आली तेव्हा आमचे हे स्टेशनातच कामावर होते. तार त्यांच्याच हाती पडली. अवेळी घरी आलेले पाहूनच मी काय ते समजले. वडील गेले म्हणून पोटभर रडले. पण आता महिना उलटलाय, तर खरं ते सांगते… मनाला हलकं वाटतं. आबा समाधानानं गेले. दोन वर्षांपूर्वी गेले असते तर जीव अडकून राहिला असता त्यांचा, आणि तोही पोटच्या लेकरांत नव्हे, सुनेच्या आईत.

माझी वहिनी हेला पोलंडची. लढाईत घरादारातून हाकललेली तिकडची माणसं कोल्हापूरजवळच्या छावणीत राहत, आणि माझा भाऊ तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लग्न करून त्यानं तिला थेट लोणखेड्यालाच आणलं. गावानं तोंडात बोटं घातली. आबा मात्र एवढंच म्हणाले, "पोर थकेल शे, आधी तिले जेवू द्या."

पुढे कळलं, तिची आई तिकडे जिवंत आहे. पत्ताही आला. आणि वहिनी टाक हातात धरून नुसती बसून. आई शाळेत मास्तरीण, मोठी शिस्तीची. हिची शाळा लहानपणीच सुटलेली. असं गावठी लिहिलं तर आईला काय वाटेल, हीच भीती. आमच्या घरात हे कोणालाही पटण्यासारखं होतं. दिवसभर अहिराणी बोलणारे आम्ही, पत्राला बसलो की शुद्ध मराठीत साष्टांग नमस्कार घालतो. आबांनी ठरवून टाकलं, पोलिशचीही कागदावरची भाषा निराळी असणार आणि ती शिकवणारं पुस्तकही कुठेतरी असणार.

झालं, आबा पुस्तकाच्या मागे लागले. शहाद्याच्या मारवाडी शेठजींकडे मराठी-गुजराती पत्रलेखनाची पुस्तकं मिळत. शेठजी हसून म्हणाले, "पाटील, हाऊ माल आठे कोण लई?" इथे घेणारं गिऱ्हाईक नाही, तरी त्यांनी मुंबईला विचारलं, तिथूनही नकारच आला. तेव्हा हा माणूस, जो जवळच्या प्रकाशा गावच्या जत्रेपलीकडे फारसा कधी गेला नव्हता, फेटा बांधून, शेंगांची पिशवी घेऊन आगगाडीनं कोल्हापूरला गेला. छावणी रिकामी होत चालली होती. सामान बांधता बांधता तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी आपलं पुस्तक देऊन टाकलं. कोणाला कसं लिहावं, सुरुवात काय, शेवट काय, सगळे नमुने त्यात. आबांनी ते उपरण्यात गुंडाळून आणलं. वहिनीनं त्यातलं एकेक वाक्य उचलून देखणं पत्र तयार केलं आणि धाडलं.

उत्तर वाचून ती भिंतीला टेकून खालीच बसली. आईनं लिहिलं होतं, पत्र फार नीटनेटकं आहे, म्हणूनच ते माझ्या हेलाचं नाही. माझी मुलगी गेली असेल तर तसं कळवा, दुसऱ्याच्या हातानं मला फसवू नका…

मी माहेरी आले होते. माझं तर डोकंच फिरलं. एवढी पायपीट कशासाठी केली म्हणायची? आबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वहिनीला ओसरीवर बोलावलं. म्हणाले, "पुस्तक बाजूले ठी दे. माय समोर बठेल शे अशी समजीसन बोल, आनि तसंच लिख. मी हुंकार देसू." गोष्ट सांगणाऱ्याला देतात तसा हुंकार. वहिनी आधी अडखळली, मग पोलिशमध्ये बोलत लिहू लागली. आबांना एक अक्षर कळत नव्हतं, पण ती थांबली की हे म्हणणार, "हं… मंग?" ती हसली की हे हसणार, ती रडली की हे नाक ओढणार. आत मला हसू आवरेना, आणि डोळेही.

त्या पत्राला उत्तर आलं, ही माझीच. सगळं एका दमात सांगते, कुठे थांबावं ते हिला कधी कळलंच नाही. वहिनीनं अर्थ सांगितला तेव्हा आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "सुटनू बाई," म्हणाले, आणि भाकरी मागितली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आबा गेल्याचं आपल्या आईला कळवायचं म्हणून वहिनी ओसरीवर कागद घेऊन बसली. दोन वाक्यं बोलली आणि थांबली… मी भांडी पुसत होते. तशीच उठून तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "हं… मंग?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पुढचं बोलू लागली. तिच्या सगळ्या बोलण्यात मला एकच शब्द कळत होता, आबा. तो पुन्हा पुन्हा येत होता.