वरळीची शाळा श्रावणात पाहावी

"वास गेला," गाडीतून उतरताच शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी रावसाहेब म्हणाले. नाकाशी धरलेला रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. "हे आधी लिहा. शाळा निघाली, कोळीवाड्यात वास राहिला नाही."

मी लिहिलं. लिहिणं हेच माझं काम. मी शाळाखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होतो. गिरगावातल्या काही सद्गृहस्थांनी कमिटी करून वरळीच्या कोळ्यांच्या मुलांसाठी फुकट शाळा काढली होती. त्या शाळेने मुलं सुधारली का, याचा रिपोर्ट मी द्यायचा. शाळा ठेवायची की मोडायची, हे कमिटी त्यावरून ठरवणार होती.

शाळा गच्च भरली होती. मुलांनी पाढे म्हटले, स्तोत्र म्हटलं. एकही मूल गैरहजर नव्हतं. रावसाहेबांचे डोळे पाणावले. श्रावणी सोमवार होता, कचेरी लवकर सुटली होती आणि त्यांना उपासही होता.

घरी आलो आणि पानावर बसल्यावर खटकलं. भाजी होती. श्रावणात आमच्याकडे मासळी नसते. दारावर येणारी कोळीणही तेव्हा येत नाही. वरळीला होड्या झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. होड्या बंद, म्हणून मासळी नाही. मासळी नाही, म्हणून वास नाही आणि मुलांना कामही नाही. यात शाळेने काय केलं होतं?

दसऱ्यानंतर मी एकटाच गेलो. वास लांबूनच आला. आडवे बांबू बांधलेल्या वलांड्यांवर मुलं बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगायची, असं ते काम. तीच पाढेवाली मुलं. त्यांतल्या एकाची आई मला ओळखून हसली.

"सायेब, आयलाव? अवो, श्रावन त गेला."

"मुलगा शाळेत का नाही, बाई?"

"मंग हे बोंबील काय तुमी सुकत घालाल?"

शाळेत मास्तर आणि पायाला फडकं बांधलेला एक मुलगा, एवढेच होते. मास्तर म्हणाले, "होड्या भरतीवर येतात. कधी सकाळी, कधी दुपारी. त्या रिकाम्या झाल्या की घंटा देऊ का, असं कमिटीला विचारलं होतं. उत्तर आलं, शाळा अकराला भरेल."

कमिटीपुढे मी सगळं सांगितलं.

रावसाहेब खिन्न झाले. "म्हणजे वास परत आला. मग शाळा फुकटच गेली. बंद करू."

"रावसाहेब, काल आपल्याकडे जेवायला काय होतं?"

"बोंबलाचं कालवण. का?"

"ते बोंबील त्याच मुलांनी वाळवलेले असतात."

"आमच्याकडे धुऊन घेतात," रावसाहेब म्हणाले.

भरतीप्रमाणे शाळा भरवू द्यावी, असं मी सुचवलं. एक वकील सभासद म्हणाले, "समुद्राच्या सोयीने शाळा? मग परीक्षाही बगळ्यांनाच घेऊ द्या." सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला हवं. मग शाळा मोडण्याचा ठराव निघाला आणि माझा धीर सुटला. मी म्हणालो, "इन्स्पेक्शन श्रावणातलंच धरावं, नंतरची भेट धरू नये. पूर्वीपासून तशीच वहिवाट आहे."

सर्वांना ते पटलं. श्रावणातला रिपोर्ट मंजूर झाला आणि शाळा राहिली. बाहेर पडल्यावर मी मास्तरांना निरोप धाडला: घंटा होड्या रिकाम्या झाल्यावर द्या, विचारायला कोणी येणार नाही.

कोणी आलंही नाही. नारळी पौर्णिमा झाली की कमिटीतला एकही गृहस्थ तिकडे फिरकत नाही, आणि मुलं खवलं चिकटलेल्या हातांनी निवांत अक्षरं गिरवतात. त्या शाळेला वासाइतकं कोणी सांभाळलं नाही.

माझ्या रिपोर्टात खोटं वाक्य एकही नाही, याचीच मला लाज वाटते. मुलांचं भलं झालं का हे तपासायला जाणाऱ्याने आपण कोणत्या महिन्यात गेलो होतो, ते पहिल्या ओळीत लिहावं. मी ते लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, तर शाळा उरली नसती.