किती ट्रॉली लागतील, आप्पा?

मातीत काम करणाऱ्यानं कितीही हात धुतले तरी नखात थोडी राहतेच. किस्से आमच्याकडे असेच राहिलेत. एक काढायला जावं तर त्याच्या मागनं दुसरा निघतो!

बेळगावात बंगल्यांच्या बागांना माती टाकायचं काम आम्ही तिघं मिळून करत आलो. भरमा ट्रॅक्टरवाला, जवळच्या कंग्राळी गावचा. कल्लाप्पा खोऱ्यानं माती ओढणारा, चौथी शिकलेला आणि तोंडानं फटकळ. आणि मी मोजणारा. शाळेत गेलो नाही, टेपवरचे आकडे मला लागत नाहीत. बागेची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, जाडी वितीनं बघायची आणि किती ट्रॉल्या ते सांगायचं. तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. मी सांगायचो, आणि तेवढीच लागायची.

*

टिळकवाडीत एका इंजिनिअरसाहेबांचा नवा बंगला होता. माझी पावलं टाकून होईपर्यंत त्यांनी मोबाईलवर आकडा काढलासुद्धा. "आठ ट्रॉली!"

मी म्हटलं, "साहेब, दहा धरा. आणताना माती सैल असते. पाणी लागलं की खाली बसते. पाव हिस्सा वर धरावा लागतो."

"आप्पा, गणित म्हणजे गणित!"

मग आठच टाकल्या. महिनाभर पाणी मारल्यावर बाग फरशीच्या चार बोटं खाली गेली, गुलाबांची मुळं उघडी पडली. साहेबांचा फोन आला, "आप्पा, माती कुणी चोरून नेली का हो?"

कल्लाप्पानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "चोरली न्हाय साहेब, बसलीया. आता तिला उठवाय कोण जाणार?"

*

पुढं भरमाच्या पोरांनी ठरवलं की कंग्राळीच्या शेतात प्लॉट पाडायचे आणि घरं बांधायची. दोघंही नोकरीवाले, कसायला कोणी नाही. भांडण नाही, तंटा नाही. भरमाच म्हणाला, "स्लॅबखाली माती काय करणार हाय? वरची वीतभर काढून बागांना देऊ. कुठं तरी झाड तरी येईल."

प्लॉट पाडताना पूर्वेला एक तिरकी चोच उरली. घर बसण्याजोगी नव्हती, म्हणून पोरांनी ती आईला दिली. भरमाची बायको म्हणजे लक्ष्मीआक्का. त्या चोचीत तिची मेथी, वांगी, मिरचीच्या चार ओळी. तिनं मला बोलावून घेतलं.

"आप्पा, समदं न्या. एवढी चोच तेवढी सोडा. हातपाय थकले तरी हितं बसून भाजी खुडीन म्हणते."

"सोडली, आक्का."

भरमा शेजारीच उभा होता, पण तिनं विचारलं मला. किती माती काढायची ते मी सांगणार होतो ना!

*

शहापुरात एका विणकराच्या घरी गेलतो. गल्ली एवढी अरुंद की ट्रॉली कोपऱ्यावर लावून माती बुट्टीनं वाहिली. बाग म्हणजे परसात तुळस आणि जास्वंद, एवढीच. पण मालक म्हणाला, "घरात पण एक खड्डा भरायचा हाय, बघा."

आत हातमागाचा खड्डा होता. विणणारा काठावर बसतो आणि पाय आत सोडतो, तो. माग केव्हाच विकलेला. वरनं फळ्या टाकून त्यावर टीव्ही ठेवला होता. मी वितीनं खोली बघितली आणि म्हटलं, "चाळीस बुट्ट्या."

चाळीस झाल्या तरी खड्डा भरेना. खाली उंदरांनी पोकळ केलं होतं, माती आत आत जाई. चव्वेचाळीस झाल्या, पन्नास झाल्या. कल्लाप्पा घामानं भिजला. "आप्पा, आज तुमचं गणित उंदरांनी खाल्लं!"

मालकाची आई दारात बसून बुट्ट्या मोजत होती. ती म्हणाली, "पन्नास व्हय? ह्येच्या बानं तर ह्यो खड्डा एकट्यानं भरला हुता. जलमभर."

कल्लाप्पानं पुढची बुट्टी उचलली.

*

टिळकवाडीतच एका वकीलबाईंनी लॉन लावलं. माती भरमाच्या शेतातली. पंधरा दिवसांनी बाईंचं बोलावणं आलं, "अहो, तुमच्या मातीत तण आहे. सगळीकडे आलंय!"

आम्ही तिघं गेलो. गवताच्या मधनं कोवळी बारीक पानं उभी होती. भरमा खाली बसला आणि एक पान बोटांवर घेतलं. "बाईसाहेब, हे तण न्हाय. मसूर हाय. भातामागनं आम्ही ह्येच पेरत हुतो."

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "असं का! मग हळुवार काढा हं."

भरमानं कल्लाप्पाला हात लावू दिला नाही. उन्हातान्हात दुपारभर बसून एक एक रोप मुळासकट काढलं आणि धोतराच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं.

"कुठं लावणार रं?" मी विचारलं.

"त्येच इचार करायलोय," भरमा म्हणाला.

*

त्याच सुमारास एक गोष्ट घडायला लागली. काम संपलं की माती उरायची. कधी एक ट्रॉली, कधी दोन. लोक खूश! उरलेली कुंड्यांत भरायचे, शेजाऱ्यांना द्यायचे. एक मास्तर म्हणाले, "आप्पांचा हात सढळ आहे." जास्त आलं म्हणून तक्रार कोण करतंय?

कल्लाप्पा मात्र म्हणाला, "आप्पा, म्हातारपणी कर्ण झालायसा व्हय? आन् तेबी भरमाच्या शेतावर!"

भरमा हसला. मीही हसलो. तेव्हा थांबून बघायला पाहिजे होतं.

*

शेवटचं काम शहराबाहेर एका मंगल कार्यालयाचं. मोठं लॉन. मालक कन्नड बोलणारे. मी पावलं टाकून कडेला आलो तसं त्यांनी विचारलं, "अज्जा, एष्टु?"

"चाळीस ट्रॉली," मी म्हटलं.

भरमानं मला बाजूला घेतलं. शेतात आता अठ्ठावीस ट्रॉल्या उरल्या होत्या, चोच सोडून. चोचीत बारा. दोन्ही मिळून बरोबर चाळीस. कार्यालयातलं पहिलं लग्न तोंडावर आलेलं, दुसरीकडची माती बघायला सवड नाही, आणि भरमानं शब्द देऊन ठेवलेला.

"आप्पा, नक्की चाळीस का?"

"माझं पाऊल कवा चुकलंय का रं?"

भरमा घरी गेला. आक्काला काय सांगितलं कोण जाणे. सकाळी आम्ही शेतात पोचलो तेव्हा ती चोचीत बसून मिरच्या तोडत होती. पिकलेल्या, कच्च्या, सगळ्या. ओटी भरली तशी उठली.

"आप्पांनी मोजलंय न्हवं? मग लागत आसंल." एवढं बोलून बाजूला झाली.

जेसीबीनं दोन तासांत चोच उचलली. खालचा पिवळा मुरूम वर आला.

*

कार्यालयात सव्वीस ट्रॉल्यांत लॉन भरलं. वीतभर जाड, पाव हिस्सा बसण्यासाठी धरून, सगळं बरोबर. चौदा ट्रॉल्यांचा ढीग कंपाउंडजवळ तसाच पडून. म्हणजे चोचीला हात लावायचं कारणच नव्हतं. तिच्याशिवायच्या अठ्ठाविसातल्यासुद्धा दोन उरल्या असत्या.

कल्लाप्पानं कुणाचा तरी टेप आणला, मला म्हणाला, "चाला." मी चाललो. त्यानं दोन पावलांमध्ये टेप धरला.

"दोन फूट. आप्पा, तुमचं पाऊल अडीच फुटाचं हुतं."

गुडघा दुखायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. पाऊल आखडत गेलं, आणि जागा तेवढीच असून माझी पावलं वाढत गेली. लांबीला वाढली, रुंदीलाही वाढली. वकीलबाईंच्या, मास्तरांच्या, सगळ्यांच्या बागेत मी भरमाचं शेत जास्तीचं ओतत आलो होतो.

"ढीग परत नेऊ," भरमा म्हणाला. "उद्या सकाळी चोचीत टाकू."

सकाळी गेलो तर ढीग नव्हता. मंडपवाल्यांना अडचण होती म्हणून मालकांनी तो मागच्या खड्ड्यात ढकलला होता. वर फरशीचे तुकडे, सिमेंट, काचा. भरमा काठावर उभा राहून बघत राहिला. मग ट्रॅक्टरकडे गेला आणि चालू न करता नुसता वर बसला.

*

आक्काला सांगायला मी एकटा गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सगळं सांगितलं. टेपचं, गुडघ्याचं, खड्ड्याचं. ती मिरच्या पसरत ऐकत राहिली.

मग म्हणाली, "आप्पा, चला बघू. त्या तुळशीपास्नं उंबऱ्यापतोर."

मी चाललो. तिनं मोठ्यानं मोजलं. अकरा.

आक्कानं पदर खोचला, तुळशीपाशी जाऊन उभी राहिली आणि स्वतः चालत आली. एक एक पाऊल टाकत, मोजत. उंबऱ्याला पाय लागला तेव्हा चौदा झाली होती.

तिनं मागं वळून अंगणाकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं आप्पा, मोजायला मी आले न्हाय. आख्खी कंग्राळी गेली असती!"