चांदण्यात वाजलेला ढोल

ईस्टरच्या दिवशी आमच्याकडे पहिला चहा स्मशानात होतो.

घाबरू नका. पिंपळनेरजवळच्या आमच्या वस्तीतली ही रीतच आहे. उजाडायच्या आधी ढोल वाजतो, सगळे उठतात आणि गाणी म्हणत कबरींपाशी जातात. तीन दगडांवर पातेलं चढतं. सूर्य दिसला की एकजण ओरडतो, "येशू उठला!"

आणि बाकीचे, हातातला कप सांभाळत, "खरंच उठला!"

तो ढोल माझे आबा वाजवायचे. माझ्या वडिलांचे वडील. मागच्या दिवाळीआधी ते गेले.

आबा कोण होते हे सांगायला एक किस्सा पुरे.

ईस्टर पौर्णिमेनंतर येतो, त्यामुळे पहाटे चांदणं असतंच. मी नववीत होते त्या वर्षी आबांना जाग आली, बाहेर लख्ख उजेड दिसला, आणि त्यांनी ढोल गळ्यात अडकवला.

सगळी वस्ती धडपडत उठली. स्मशानात पोचली. गाणी झाली. चहा झाला. दूध संपलं. गाणी परत पहिल्यापासून झाली.

सूर्याचा पत्ता नाही.

शेजारच्या मार्था अक्का वैतागल्या. "आबा, चांदनं शे ते! येशू बी आजून झोपेल शे!"

आबा आरामात दगडावर बसलेले. म्हणाले, "अक्का, बायबलमातल्या त्या बाया दिन उगताना येशूना कबरवर गयात, तोपर्यंत तो निंघी जायेल व्हता. मी म्हनं, आवंदा त्याले वाटमाच गाठू."

अक्का इतक्या हसल्या की त्यांचा कप कलंडला. पुढे कित्येक वर्षं लोक आबांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय आबा, गाठला का?"

आता माझं.

जळगावच्या होस्टेलला माझी रूममेट प्रज्ञा. मुक्ताईनगरकडची, बौद्ध घरातली. एकदा मेसमध्ये तिने सरळ विचारलं, "आमच्याकडे पारखून घेतल्याशिवाय काही मानत नाहीत. तू का मानतेस? जन्माने ख्रिश्चन आहेस म्हणून?"

प्रश्न टोचला नाही. आवडला. कारण मला तो कुणी विचारलाच नव्हता.

मी खूप विचार केला. आणि दरवेळी त्याच बायकांपाशी येऊन थांबले, ज्यांच्यावरून आबा विनोद करायचे.

येशूची कबर रिकामी आहे हे सगळ्यात आधी बायकांनी सांगितलं. पुरुषांना ती बडबड वाटली. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. कुणाला गोष्ट रचायचीच असती, तर त्याने साक्षीला बायका कशाला उभ्या केल्या असत्या? तसंच घडलं होतं, म्हणूनच तसं सांगितलं गेलं. मला तरी असं वाटतं.

यात माझाही एक अनुभव मिसळलेला आहे.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, "मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले." घरात तोवर कुणी बारावीपर्यंतही पोचलं नव्हतं. काका म्हणाले, नंबर चुकीचा टाकला असशील. चुलतभाऊ मोबाईल काढून स्वतः बघायला लागला. नेट मिळेना.

आबा उठले आणि ढोल काढला.

"आबा, थांबा, पाहू तर द्या!"

"पोर सांगी राहिनी ना? मंग खरंच शे."

नेट यायच्या आत वस्तीभर बातमी पोचली होती.

प्रज्ञाला हे सांगितलं. ती म्हणाली, "पुरावा म्हणून मला पुरत नाही." मग हसली. "पण तुझे आबा मला पटले."

यंदा ग्रॅज्युएट होऊन ईस्टरला घरी आले, तर ढोल गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेला. माझ्या वडिलांनी ठेवला होता. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. आबा गेल्यापासून भाऊंनी चर्चची पायरी चढलेली नाही. वस्तीने ठरवलं होतं, या वर्षी सगळ्यांनी मोबाईलचा अलार्म लावायचा.

मला फार वाईट वाटलं. आमच्या घरातला ईस्टर आबांबरोबरच संपला की काय?

शनिवारी संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसले होते. अचानक म्हणाले, "आबा बरा व्हवाले पाहिजे म्हनीसन इतली प्रार्थना करी. काय व्हयनं? तू शिकेल शेस. तू सांग."

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, भाऊ."

मग त्या बायकांचं सांगितलं. त्याही मेलेल्या माणसासाठीच निघाल्या होत्या. रडत, हातात सुगंधी द्रव्यं घेऊन. त्यांची प्रार्थनाही ऐकली गेली नव्हती असंच त्यांना वाटत असणार. तरी त्या गेल्या. जाऊन बघितलं. आणि परत आल्या त्या धावत.

मी आत येऊन अलार्म लावला.

अलार्म वाजलाच नाही.

त्याच्या कितीतरी आधी ढोल वाजला.

मी बाहेर पळाले. अंगणात भाऊ. गळ्यात आबांचा ढोल, पायाशी गोणपाट. डोक्यावर चंद्र. वस्तीतले दिवे एकेक करून लागत होते आणि मार्था अक्का दारातूनच ओरडत होत्या, "आरे, तू बी का? बापना मागे पोरगा बी तसाच!"

"भाऊ, अजून उजाडलं नाही," मी म्हटलं. "चांदणं आहे ते."

"माले माहीत शे."

"मग?"

भाऊंचे डोळे भरलेले होते, आणि ते हसत होते.

"आवंदा वाटमाच गाठू."

आज आबांच्या कबरीपाशी आम्ही सगळी गाणी दोनदा म्हटली. दूध संपलं. शेवटचा चहा कोरा प्यायलो. सूर्य आला तेव्हा सगळ्यात आधी भाऊ ओरडले.

आबा, खरंच उठला.

तुम्हालाही ईस्टरच्या शुभेच्छा. भेटू, वाटेतच.